घरातील उपकरणांचा ताळमेळ

गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय मराठी घरांत एक नवा गोतावळा राहावयास आला आहे. दारावर कॅमेरा, जिन्यात माणसाची चाहूल लागताच उजळणारा दिवा, ठरावीक वेळी गिझर चालू-बंद करणारा प्लग, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा स्पीकर अशी ही मंडळी. घरातील ज्येष्ठांनी त्यांना क्वचितच बोलावलेले असते. पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी नोकरीस असलेली मुले दिवाळीच्या सुट्टीत येतात, चार दिवसांत सर्व काही बसवून देतात, आईवडिलांच्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून देतात आणि परत जातात. पुढे एखाद्या सकाळी त्या ॲपच्या पडद्यावर 'उपकरण ऑफलाइन आहे' एवढेच शब्द उमटतात. कालपर्यंत निमूटपणे काम करणारी वस्तू आज घराशी बोलेनाशी होते.

अशा वेळी घरात बहुधा दोनच निष्कर्ष निघतात. पहिला, वस्तू बिघडली. दुसरा, हे आपल्या वयाला जमण्यासारखे नाही. दोन्ही निष्कर्ष घाईचे असतात. वस्तू सहसा धडधाकट असते आणि वयाचा संबंध तर त्याहूनही कमी असतो. बिघडलेला असतो तो दोन बाजूंमधील ताळमेळ. बँकेत दिवसअखेर रोकड आणि वही जुळली नाही, तर कोणी तिजोरी बदलावयास निघत नाही आणि रोखपालालाही घरी पाठवत नाही. नोंदी एकेक करून तपासल्या जातात, जुळलेल्या नोंदीवर खूण केली जाते आणि उरलेला फरक हळूहळू एका आकड्यापर्यंत आणला जातो. तो आकडा हाती आला की कारणही हाती येते. न जुळणाऱ्या उपकरणांसाठीही हीच रीत पुरेशी आहे. तिला अभियंत्याची पदवी लागत नाही, धीर लागतो.

तपासणीला बसण्यापूर्वी हे उपकरण घरच्या जाळ्यात शिरते कसे, हे ठाऊक असलेले बरे. दिव्याला पडदा नसतो आणि अक्षरे टिपण्यासाठी कळाही नसतात. मग घरच्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड त्याला सांगावयाचा कसा? यासाठी उत्पादकांनी प्रामुख्याने तीन वाटा काढल्या आहेत. पहिली ब्लूटूथची. मोबाइल जवळ नेला की तो दिव्याच्या कानात पासवर्ड सांगतो. दुसऱ्या वाटेत दिवा स्वतःचेच एक छोटेसे वाय-फाय उभे करतो. मोबाइल काही क्षण त्या जाळ्यात जातो, घरचा पासवर्ड तेथे ठेवतो आणि परत येतो. तिसरी वाट मोठी मौजेची आहे. मोबाइल राउटरमार्फत हवेत संदेशांची एक मालिका सोडतो. त्यातील मजकूर सांकेतिक असल्याने नव्या दिव्याला तो वाचता येत नाही, परंतु प्रत्येक संदेश किती लांब आहे एवढे त्याला बाहेरून मोजता येते. पासवर्डाची अक्षरे त्या लांबीतच दडवलेली असतात. पाकिटे न उघडता केवळ त्यांच्या वजनांवरून निरोप ओळखावा, तसा हा प्रकार आहे.

पासवर्ड पोहोचल्यानंतरही काम संपत नाही. उपकरणाला वीज मिळावी लागते, राउटरची लहर त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते, राउटरने त्याची ओळख मान्य करावी लागते, घरच्या जाळ्यात त्याला स्वतःचा पत्ता मिळावा लागतो आणि अखेरीस उत्पादकाच्या दूरच्या सर्व्हरशी त्याचे बोलणे व्हावे लागते. वीज, लहर, ओळख, पत्ता आणि सर्व्हर या पाच पायऱ्या आहेत. यांपैकी कोणतीही एक निसटली तरी ॲप एकच वाक्य दाखवते. रुग्णाने केवळ 'बरे वाटत नाही' म्हणावे आणि दुखणे कोठे आहे ते सांगू नये, तशी ही तक्रार असते. नाडी आपल्यालाच पाहावी लागते.

जयसिंगपूरजवळच्या एका गावातील घराची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. घर जुने, काळ्या दगडाच्या जाड भिंतींचे, वर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. राहणारी माणसे दोनच, निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. मुलगा पुण्यास. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर मुलाने जिन्यात आपोआप लागणारा दिवा बसवला, कारण रात्री अंधारात बटण चाचपडताना पाय घसरण्याची भीती होती. दारावर कॅमेरा आला. रोज सकाळी सात वाजता वडील दार उघडून वर्तमानपत्र आत घेतात, ते पुण्यात चहा घेता घेता मुलगा पाहत असे. फोन नाही, चौकशी नाही. दार उघडले, म्हणजे दिवस नीट सुरू झाला. हळूहळू घरात चार दिवे, दोन प्लग, एक कॅमेरा, एक स्पीकर आणि गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी दाखवणारे एक यंत्र अशी एकूण नऊ उपकरणे झाली.

पावसाळ्याच्या तोंडावर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. नवी योजना घेतली होती, म्हणून त्याने जुना राउटर काढून नवा बसवला, मोबाइलवर इंटरनेट चालते हे दाखवले, सही घेतली आणि गेला. त्याच रात्री वादळ झाले आणि वीज अनेकदा आली नि गेली. दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ उपकरणे मुकी झाली होती. पुण्यात मुलाला दार दिसेना. रात्री आईला जिन्यात दिवा लागेना.

येथे त्या घरावर एक वेगळेच संकट येऊन गेले, ते आधी सांगावयास हवे. वैतागलेल्या गुरुजींनी दिव्याच्या कंपनीचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधला आणि जो पहिला सापडला तो लावला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलला. त्याने मोबाइलचा पडदा त्याला दिसेल असे एक ॲप उतरवून घेण्यास सांगितले. मग नोंदणीसाठी फक्त दहा रुपये भरावयास हवेत असे सांगून तो बँकेच्या कार्डाचा क्रमांक विचारू लागला. गुरुजी कार्ड आणावयास उठले, तेव्हा स्वयंपाकघरातून पत्नीने विचारले, "दिवा लावायला बँकेचा नंबर कशाला लागतो हो?" गुरुजी थबकले. त्यांनी फोन ठेवला आणि ते ॲप काढून टाकले.

तो एक साधा प्रश्न निवृत्तिवेतनाच्या खात्याचे रक्षण करून गेला. शोधयंत्रावर खोटे मदत क्रमांक पेरून ठेवणे आणि पडदा पाहणाऱ्या ॲपद्वारे खाते रिकामे करणे, या दोन्ही पद्धती नव्या नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये फसवणुकीच्या प्रकारांची ओळख करून देणारी जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यात दोहोंचा समावेश आहे. बंद पडलेले उपकरण माणसाला उतावीळ करते आणि उतावीळ माणसाचा हात तपासल्याशिवाय सही करतो. म्हणून पहिला नियम एवढाच की मदत क्रमांक उपकरणाच्या खोक्यावरून किंवा सोबतच्या पत्रकावरून घ्यावा. कोणतेही उपकरण वाय-फायला जोडण्यासाठी कार्डाचा क्रमांक, यूपीआयचा पिन किंवा बँकेचा ओटीपी लागत नाही. चूक घडलीच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ आपल्या बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकाला कळवावे. अशा प्रसंगी दिवसांपेक्षा मिनिटांना किंमत असते.

त्या संध्याकाळी गुरुजींनी पुण्यास फोन लावला. नातवाने एकच सूचना केली, "आजोबा, सगळं एकदम करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते लिहून ठेवा." शिक्षकाला हे मानवले. वही निघाली. नऊ ओळी आखल्या गेल्या.

पहिली तपासणी पासवर्डाची. नव्या राउटरचे वाय-फाय नवे नाव आणि नवा पासवर्ड घेऊन आले होते. नऊही उपकरणे मात्र जुन्याच नावाची वाट पाहत होती. घराचा पत्ता बदलला आणि नातेवाइकांना कळवलेच नाही, तर पत्रे जुन्याच दारी जाणार. अशा वेळी प्रत्येक उपकरण पुन्हा नव्याने जोडण्याचा खटाटोप अनेक जण करतात. त्याहून सोपा मार्ग असा की नव्या राउटरलाच जुने नाव आणि जुना पासवर्ड द्यावा. मात्र अक्षर न् अक्षर, मोकळी जागा आणि लहान-मोठी रोमन अक्षरेसुद्धा तीच हवीत. गुरुजींकडे जुना पासवर्ड दिनदर्शिकेच्या मागे लिहिलेला सापडला. नातवाने फोनवर सांगितल्याप्रमाणे राउटरचे पान उघडून तो घातला गेला. पाच मिनिटांत नऊपैकी सहा उपकरणे आपोआप परत आली. वहीत सहा खुणा झाल्या.

नावाविषयी येथेच एक गोष्ट नोंदवावीशी आहे. वाय-फायचे नाव ३२ बाइटांपर्यंत असू शकते. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा-वेलांटीसह, सर्वसाधारणपणे तीन बाइट लागतात. म्हणजे मावतात ती जेमतेम दहा चिन्हे. शिवाय काही साधी उपकरणे देवनागरी नाव ओळखतच नाहीत. मातृभाषेचा अभिमान योग्यच आहे, परंतु राउटरचे नाव साध्या रोमन अक्षरांत आणि अंकांत ठेवणे व्यवहाराला सोयीचे. पासवर्ड किमान ८ आणि कमाल ६३ अक्षरांचा असावा असा नियम आहे.

उरली तीन उपकरणे, म्हणजे जिन्यातील दिवा, दारावरचा कॅमेरा आणि टाकीवरचे यंत्र. एकाच वाक्याची तक्रार करणाऱ्या या तिघांची कारणे तीन निघाली.

जिन्यातील दिवा मिचमिचत होता. अनेक स्मार्ट दिव्यांना 'सर्व विसरून नव्याने सुरुवात कर' हे सांगण्याची खूण म्हणजे त्यांचे बटण लागोपाठ तीन ते पाच वेळा चालू-बंद करणे. वादळाच्या रात्री विजेने नेमके तेच केले होते. विजेच्या लपंडावाला मालकाची आज्ञा समजून दिवा घरचे नाव विसरून गेला. आता त्याला नव्याने जोडावयास हवे होते. गुरुजींनी दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा ॲपने 'उपकरण सापडले नाही' म्हटले.

कारण लहरीत होते. वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली निश्चित झाले, ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी. भारतात हा पट्टा २००५ साली परवानामुक्त करण्यात आला. पुढे अधिक वेगासाठी ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही वापरात आला. आजचे राउटर बहुधा दोन्ही पट्टे एकाच नावाखाली चालवतात आणि मोबाइल त्यांतील वेगवान पट्टा पसंत करतो. परंतु स्वस्त दिवे, प्लग आणि स्विच यांच्या पोटातील चिप बहुतेक वेळा फक्त २.४ गिगाहर्ट्झच ऐकू शकते. २०१४ साली आलेली ईएसपी ८२६६ ही शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची चिप असंख्य स्वस्त उपकरणांत बसवली गेली, तीही याच जातीची. मोबाइल ५ च्या पट्ट्यावर बोलत होता आणि दिवा २.४ च्या पट्ट्यावर कान लावून बसला होता. एकाच ओसरीवर बसून दोघे दोन भाषांत बोलावेत, तशी ही अवस्था होती.

उपाय कठीण नव्हता. राउटरच्या पानावर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अर्धा तास बंद ठेवला, दिवा जोडला आणि पट्टा पुन्हा चालू केला. एकदा जोडणी झाली की मोबाइल कोणत्याही पट्ट्यावर असला तरी चालते. जोडणीच्या वेळी आणखी तीन लहानसहान बाबी तपासाव्यात. अँड्रॉइड मोबाइलमध्ये आजूबाजूची वाय-फाय शोधण्यासाठी ॲपला 'लोकेशन'ची परवानगी लागते; ती नाकारलेली असेल तर ॲप आंधळे होते. आयफोनमध्ये २०२० पासून 'लोकल नेटवर्क'ची वेगळी परवानगी आहे. तसेच दिव्याने स्वतःचे छोटे वाय-फाय उभे केले असेल, तर त्यावर इंटरनेट नाही असे पाहून मोबाइल गुपचूप सिमच्या डेटाकडे वळतो आणि जोडणी अर्ध्यात तुटते. म्हणून तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद ठेवावा. दुसऱ्या संध्याकाळी जिन्यात दिवा लागला. सातवी खूण झाली.

कॅमेऱ्याचे दुखणे ओळखीच्या पायरीवर होते. त्याला नाव ठाऊक होते, पासवर्ड बरोबर होता, लहर तर दारापाशी भरपूर होती. तरी राउटर त्याला आत घेत नव्हता. वाय-फायची सुरक्षा काळानुसार बदलत गेली. डब्ल्यूपीए २ ही पद्धत २००४ साली आली आणि तिची पुढची डब्ल्यूपीए ३ ही पद्धत २०१८ साली जाहीर झाली. नवा राउटर दोन्हींच्या मिश्र पद्धतीवर ठेवलेला होता. मिश्र पद्धतीत जुन्या उपकरणांनाही जागा असावी असा हेतू असतो, परंतु काही जुनी उपकरणे तेथे अडखळतात. त्या घरच्या कॅमेऱ्याचे तसेच झाले. सुरक्षेची निवड डब्ल्यूपीए २ वर आणताच तो जोडला गेला. पासवर्ड लांब आणि अनुमान न करता येण्याजोगा असेल, तर घरगुती वापरासाठी ही पद्धत आजही पुरेशी आहे. मात्र वाय-फाय पासवर्डाविना खुले ठेवणे हा उपाय कधीही करू नये.

कॅमेऱ्याच्या निमित्ताने आणखी एक सावधगिरी. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेऊन डिन या अमेरिकी कंपनीच्या सेवेवर हल्ला केला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ती उपकरणे सापडली, कारण त्यांच्या मालकांनी कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड कधी बदललाच नव्हता. कुलूप नवे आणून किल्ली त्यालाच लटकत ठेवावी, तसा हा निष्काळजीपणा. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटर व कॅमेरा यांचा स्वतःचा पासवर्ड वेगळा. तिन्ही बदलून घेणे आवश्यक आहे.

राहिले टाकीवरचे यंत्र. त्याचा प्रश्न सर्वांत जुना, म्हणजे अंतराचा आणि अडथळ्याचा होता. जुना राउटर जिन्याच्या तोंडाशी होता. नव्या राउटरची तार दाराजवळून आत घेणे सोपे, म्हणून कंपनीच्या माणसाने तो दिवाणखान्यात लोखंडी कपाटामागे ठेवला होता. लोखंड लहर परतवते, दगडी भिंत आणि स्लॅब ती क्षीण करतात आणि पाणी तर ती शोषूनच घेते. ॲपमध्ये संकेताची ताकद उणे आकड्यांत दिसते. उणे ५० असेल तर उत्तम, उणे ७० पर्यंत काम भागते आणि उणे ८० च्या आसपास गेल्यावर बोलणे तुटक होते. टाकीपाशी तो आकडा उणे ८६ होता. गुरुजींनी गावातील तारतंत्र्याला बोलावून राउटर पुन्हा जिन्यापाशी, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर लावून घेतला. आकडा उणे ६८ वर आला आणि नववी खूण झाली. फरक शून्य.

तीन संध्याकाळी, एक वही आणि पुण्याचे काही फोन एवढ्यात हे घडले. एकही नवी वस्तू विकत घ्यावी लागली नाही. घाईच्या निर्णयाने नऊही उपकरणे मोडीत निघाली असती.

त्या घरात न उद्भवलेली, परंतु इतर घरांत नेहमी आढळणारी आणखी काही कारणे आहेत. पत्त्याची पायरी त्यांत महत्त्वाची. राउटर प्रत्येक उपकरणाला बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा एक घरगुती पत्ता काही काळापुरता देतो. लग्नकार्यात पन्नास पाहुण्यांचे मोबाइल एकाच वाय-फायवर आले, तर काही साध्या राउटरांजवळचे पत्ते किंवा त्यांची क्षमता संपते आणि दिव्याला दारातच थांबावे लागते. एखाद्या उपकरणाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर समजावे की त्याला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता धारण केला आहे. अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. क्रम मात्र पाळावा. आधी राउटर, मग तीन-चार मिनिटे थांबणे आणि त्यानंतर उपकरणे. वीज गेल्यावर परत येते तेव्हा दिवे क्षणात जागे होतात, पण राउटरला सावरावयास वेळ लागतो; या विसंगतीमुळेही काही उपकरणे रुसून बसतात. राउटरला लहानसा बॅटरीचा आधार दिला, तर निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत.

अनेक घरांत कंपनीने दिलेला एक राउटर आणि घरच्यांनी विकत घेतलेला दुसरा, असे दोन संसार एकाच छताखाली चालतात. मोबाइल एका जाळ्यात आणि प्लग दुसऱ्यात असेल, तर दोघेही इंटरनेटवर असूनही त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फायही आतल्या उपकरणांना मुद्दाम एकमेकांपासून दूर ठेवते. जोडणीच्या वेळी मोबाइल आणि उपकरण एकाच जाळ्यात आहेत ना, हे म्हणूनच आधी पाहावे.

आणि कधी कधी घरातील सर्व नोंदी जुळूनही फरक उरतो, कारण चूक घरात नसतेच. उपकरण ज्या दूरच्या सर्व्हरशी बोलते तोच बंद असतो. अमेरिकेतील रिव्हॉल्व्ह नावाच्या घरगुती यंत्राची सेवा मे २०१६ मध्ये बंद झाली आणि लोकांच्या घरांतील धडधाकट यंत्रे निरुपयोगी ठरली. इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक थांबले तेव्हाही ग्राहकांना आपल्या घराचाच बिघाड वाटला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन 'मॅटर' हे समान मानक आणले. त्यानुसार चालणारे उपकरण घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरवर न विसंबताही, आज्ञा पाळू शकते. नवी खरेदी करताना खोक्यावर हे चिन्ह आहे का, हे पाहणे शहाणपणाचे ठरेल.

यंत्रांविषयी एवढे कळल्यावर माणसांविषयीही थोडे बोलावयास हवे. मुले ही उपकरणे प्रेमापोटी बसवतात, यात शंका नाही. परंतु बहुतेक घरांत ॲपचे खाते मुलाच्या नावावर, पासवर्ड मुलाच्या लक्षात आणि राउटरची किल्लीही मुलाच्याच मोबाइलमध्ये असते. घर आईवडिलांचे आणि अधिकार दूरच्या माणसाचा, ही व्यवस्था पहिल्या वादळातच कोसळते. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, एकाच्या अनुपस्थितीत काम कसे चालावे याचा नियम असतो आणि तो लिहून ठेवलेला असतो. घरालाही तेवढी शिस्त परवडेल. अनेक ॲपमध्ये आईवडिलांना घराचे सदस्य म्हणून अधिकार देता येतात, ते द्यावेत. घराच्या आत कॅमेरा लावावयाचा असेल, तर तेथे राहणाऱ्यांची संमती आधी घ्यावी, कारण काळजी आणि पाळत यांतील रेषा बसवणाऱ्याला दिसत नाही, राहणाऱ्याला दिसते. गिझर आणि जिन्यातील दिवा यांचे भिंतीवरचे साधे बटण कधीही काढून टाकू नये. इंटरनेट बंद असतानाही ज्या घरात दिवा लागतो आणि पाणी तापते, तेच घर खऱ्या अर्थाने शहाणे.

गुरुजींच्या त्या वहीत आता नऊ ओळींच्या पुढे बरेच काही आहे. राउटरचे नाव, कोणते उपकरण कोणत्या ॲपमध्ये, खोक्यावरचा मदत क्रमांक, विकत घेतल्याची तारीख, कोणत्या दिवशी काय बिघडले आणि कशाने सुधारले, हे त्यांच्या वळणदार अक्षरात नोंदलेले असते. पासवर्ड मात्र वेगळ्या कागदावर, दागिन्यांच्या डब्यात. शेजारच्या दोन घरांतील दिवे त्यांनी त्या वहीच्या आधारे जोडून दिले. निवृत्तीनंतर पुन्हा कोणी शंका विचारावयास येते, याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसते.

येत्या दिवाळीत मुले घरी येतील. नवी एखादी वस्तूही कदाचित सोबत आणतील. तिचे खोके उघडण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांनी त्यांच्याकडे एक संध्याकाळ मागून घ्यावी. घरातील प्रत्येक उपकरण एकदा मुलांसमोर स्वतःच्या हातांनी काढून पुन्हा जोडावे, मुलांनी शेजारी बसावे पण हात लावू नये, आणि जे घडेल ते वहीत उतरवावे. भेटवस्तूची किंमत काही हजार रुपये असेल, पण त्या एका संध्याकाळने जो विश्वास मिळेल, तो पुढील वर्षभर जिन्यात दिवा तेवता ठेवील.